अडीच फुटी रूळ आणि नऊ मिलिमीटरची वाट

ज्या गावाची वस्तीच रेल्वेच्या जंक्शनाभोवती वाढली आणि जेथील भातगिरण्या, विडीची कारखानदारी व लाकडाचा व्यापार ही तिन्ही मालगाडीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिली, त्या गोंदियासारख्या गावात आगगाडीची प्रतिकृती बनविण्याचा छंद कोणास आणि कशासाठी लागावा, असा प्रश्न एखाद्या व्यवहारी गृहस्थाने विचारला, तर त्यास निरुत्तर करणे सोपे नाही. खरी गाडी घरामागील रुळावरून अहोरात्र धावत असता टेबलावर तिची वीतभर प्रतिमा फिरवून काय साधावयाचे? रेल्वे ही ज्यांना दुर्मिळ आहे, त्यांनीच तिची चित्रे काढावीत आणि खेळणी करावीत, असे या गृहस्थाचे म्हणणे असणार. आणि एका पिढीपूर्वीपर्यंत ते बहुतांशी खरेही होते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत, गोंदिया जिल्ह्यापुरते तरी, या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे, आणि ते पालटण्याचे कारण रुळांत सापडते. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वे या मुलखातून प्रथम मीटरमापी रुळांवर धावू लागली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंदमापी केली, आणि मुंबई-हावडा या हमरस्त्यावरील एक मुक्काम म्हणून गोंदियाचे नाव नकाशावर ठळक झाले. पुढे याच कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बालाघाट व नैनपूर या वाटेने, सातपुड्याच्या रानातून, थेट जबलपूरपर्यंत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांचा अडीच फुटी मार्ग नेला, आणि तो पुरा होतो न होतो तोच दक्षिणेस गोरेगाव, सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड असा दुसरा अडीच फुटी मार्ग चांद्याच्या दिशेने काढला. दोन मापांच्या रेल्वे जेथे भेटतात, तेथे प्रवाशाला गाडी बदलावी लागते आणि मालाला वाघीण बदलावी लागते; बालाघाटकडील मँगनीज, रानातील बांबू आणि इमारती लाकूड हे सारे गोंदियास एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढत असे, आणि या चढउतारीवर हमाल, अडते, कारकून व चहावाले यांचे संसार चालत असत.

हे सर्व आता संपले आहे. दक्षिणेकडील मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, बालाघाटकडील तुकडा त्यानंतर काही वर्षांत रुंद झाला, जबलपूर-नैनपूर दरम्यानची छोटी गाडी २०१५ च्या सप्टेंबरअखेर थांबली आणि नागपूर-नागभीड हा या जाळ्यातील शेवटचा धागाही २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद करण्यात आला. १ मे १९९९ रोजी जेव्हा गोंदिया जिल्ह्याचे दप्तर भंडाऱ्याहून वेगळे निघाले, तेव्हा या मुलखातील अडीच फुटी रेल्वेचे आयुष्य निम्म्याहून अधिक सरले होते. याबद्दल शोक करण्याचे कारण आहे असे मला वाटत नाही; ज्या गाडीला पंधरा कोसांच्या प्रवासास अर्धा दिवस लागे आणि पावसाळ्यात जिची वेळ सांगण्याचे धाडस स्टेशनमास्तरही करीत नसे, ती जाऊन तिच्या जागी रुंदमापी मार्ग आला, यात अर्जुनीच्या शेतकऱ्याचे आणि वडशाच्या व्यापाऱ्याचे निव्वळ हितच झाले आहे. मात्र जी वस्तू उपयोगातून गेली तिला स्मृतीत तरी जागा मिळावी, ही अपेक्षा व्यवहारी गृहस्थालाही अमान्य होऊ नये. आणि येथे प्रतिकृतीचा छंद, जो आजवर आपल्याकडे श्रीमंतांच्या मुलांचा खेळ मानला गेला, एकाएकी काहीशा गंभीर कामाचा ठरतो.

तो मुळात मुलांचाच खेळ होता, हे नाकारण्याचे कारण नाही. जर्मनीतील ग्योपिंगेन गावी १८५९ मध्ये सुरू झालेला मेर्कलिन हा कारखाना प्रथम बाहुल्यांच्या घरातील पत्र्याची भांडीकुंडी बनवीत असे. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्याने किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली, आणि तिच्यासोबत ठरावीक मापाचे, एकमेकांस जोडता येणारे रुळांचे तुकडे विकावयास ठेवले. या दुसऱ्या गोष्टीत त्या व्यापाऱ्यांची खरी चतुराई होती, कारण रुळांचे माप एकदा ठरले की मुलाच्या प्रत्येक वाढदिवसाला बापाच्या खिशातून आणखी एक सांधा, आणखी एक डबा, आणखी एक पूल निघणार हे निश्चित झाले. अमेरिकेत लायोनेल कंपनीने विजेवर चालणारी गाडी प्रथम दुकानाच्या काचेत गिऱ्हाईक ओढण्यासाठी ठेवली, तेव्हा गिऱ्हाइके दुकानातला माल सोडून ती गाडीच मागू लागली. इंग्लंडात मेकॅनो या जोडणीच्या खेळण्याचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० मध्ये आपल्या गाड्या बाजारात आणल्या, आणि मुंबई-पुण्याच्या सधन घरांतील माळ्यांवर आजही एखादी गंजलेली पेटी सापडते, ती बहुधा त्याच्याच कारखान्याची असते.

आपल्याकडे या छंदाचा सर्वांत थाटाचा नमुना मराठी राजघराण्याच्याच पंक्तीत पाहावयास मिळतो. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या लांबलचक मेजावर रूळ बसवून इंग्लंडातील बॅसेट-लोक कंपनीकडून एक चांदीची विजेची गाडी करवून घेतली. तिच्या डब्यांवर शिंदे या नावाचे एकेक इंग्रजी अक्षर कोरलेले आहे, आणि जेवणानंतर ती मद्याच्या सुरया व चिरूट घेऊन पाहुण्यांपुढून फिरे. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे व परत ठेवली की चालू लागे. खेळण्याचा हा राजेशाही उपयोग पाहून हसू येते खरे. पण महाराजांना रेल्वेचे वेड जे होते ते केवळ मेजापुरते नव्हते, त्यांनी आपल्या संस्थानात दोन फुटी खरी रेल्वेही पसरविली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चांदीच्या गाडीकडे जरा निराळ्या नजरेने पाहता येते.

या छंदाचा पाया एका साध्या त्रैराशिकावर आहे, आणि ते समजल्यावाचून पुढील विवेचन निरर्थक होईल. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ हे असून त्यास एचओ म्हणतात. यातील रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते, कारण युरोप-अमेरिकेतील प्रचलित रुळांचे अंतर १४३५ मिलिमीटर, आणि त्यास सत्त्याऐंशीने भागले की साडेसोळा येतात. त्याहून लहान एन हे प्रमाण युरोप-अमेरिकेत १:१६० असून त्यातील रूळ नऊ मिलिमीटरांचे असतात. जपानी घरांच्या खोल्या लहान, म्हणून काटो आणि टोमिक्स या जपानी कारखान्यांनी तेच आपले मुख्य प्रमाण केले. मेर्कलिनने १९७२ मध्ये याहूनही बारीक, १:२२० चे प्रमाण काढले, ज्यातील संपूर्ण गाडी हाताच्या ओंजळीत राहते. परंतु ही सारी मापे दुसऱ्यांच्या रुळांसाठी बेतलेली आहेत. आपली रुंदमापी रेल्वे साडेपाच फुटांची, म्हणजे १६७६ मिलिमीटरांची. तिला १:८७ च्या प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे रूळ हवेत, आणि तसे रूळ कोणताही मोठा कारखाना काढीत नाही. परिणाम असा की हिंदुस्थानी इंजिन किंवा डबा कितीही हुबेहूब बनविला तरी तो युरोपीय रुळांवर उभा करावा लागतो, आणि त्याच्या चाकांमधील अंतर पावणेतीन मिलिमीटरांनी कमी पडून ती पोटाखाली आत सरकलेली दिसतात. ज्यांची नजर तयार आहे त्यांना हे डोळ्यांत खुपते. बाकीच्यांना काही तरी बिनसले आहे एवढेच जाणवते.

आता हेच गणित अडीच फुटी रेल्वेला लावून पाहावे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ मिलिमीटरांहून किंचित अधिक येतात, आणि जगभर मुबलक, तुलनेने स्वस्त मिळणारे एन प्रमाणाचे रूळ नेमके नऊ मिलिमीटरांचे आहेत! फरक पाव मिलिमीटराहूनही कमी, म्हणजे प्रत्यक्ष रेल्वेत जेमतेम एकवीस मिलिमीटरांचा, जो नुसत्या डोळ्यास दिसणे अशक्य. ऑस्ट्रियातील ७६० मिलिमीटरी डोंगरी रेल्वेंच्या प्रतिकृतीसाठी तेथील छंदकऱ्यांनी ही युक्ती केव्हाच हेरली; एचओच्या प्रमाणातील डबे आणि एनचे रूळ यांच्या या संगतीला एचओई असे नाव असून तिचे डबे, सांधे व फलाट युरोपात तयार मिळतात. तात्पर्य, गोंदिया-नैनपूरची गाडी टेबलावर आणावयाची ठरविली, तर जी तडजोड राजधानी एक्सप्रेसच्या प्रतिकृतीला करावी लागते ती येथे करावीच लागत नाही. गोंदिया जंक्शनाची प्रतिकृती कोणी शेजारी शेजारी दोन्ही मापांचे रूळ टाकून केली, तर तीतील जिवंत रेल्वे पावणेतीन मिलिमीटरांनी चुकेल आणि लोपलेली रेल्वे बरोबर उतरेल, हा विनोद रुळांच्या कारखानदारांनी नकळत करून ठेवलेला आहे.

जागेचा हिशेबही छोट्या रेल्वेच्याच बाजूने पडतो. आपल्या रुंदमापी रेल्वेचा जुन्या धाटणीचा डबा सव्वाएकवीस मीटरांहून थोडा लांब असतो; १:८७ मध्ये तो साडेचोवीस सेंटिमीटर होतो, आणि चोवीस डब्यांची मेल जशीच्या तशी मांडावयाची तर गाडीच पावणेसहा मीटरांहून लांब होऊन घराच्या ओसरीतून अंगणात जाईल. शिवाय असे लांब डबे लहान त्रिज्येच्या वळणावर गेले की त्यांची टोके रुळाबाहेर विद्रूपपणे लोंबतात. अडीच फुटी रेल्वेचे डबे आखूड, गाड्या चार-सहा डब्यांच्या आणि वळणे मुळातच तीव्र. पाव मीटर त्रिज्येच्या वळणावरून ती संकोचावाचून जाते. वेगाचे म्हणाल, तर ताशी तीस किलोमीटरांनी धावणारी गाडी या प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर चालली पाहिजे. मुले, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ प्रौढही, प्रतिकृती जी चालवितात ती पाहता तिचा खरा वेग ताशी तीन-चारशे किलोमीटर भरेल. मंद चालीने, धक्का न देता गाडी स्थानकात आणून उभी करणे हे या कलेतील खरे कसब आहे, आणि सातपुड्याच्या गाडीला दुसरी चाल ठाऊकच नव्हती.

चालविण्याची रीत थोडक्यात अशी. साध्या पद्धतीत रुळांच्या दोन पट्ट्यांतून बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश विद्युत्प्रवाह सोडतात, चाकांवाटे तो इंजिनातील मोटारीस पोचतो, दाब वाढविला की वेग वाढतो आणि प्रवाहाची दिशा उलटी केली की गाडी मागे येते. अडचण एवढीच की एकाच रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही एकदम चालतात. म्हणून रुळांचे विजेच्या दृष्टीने तुकडे पाडून तारांचे जाळे विणावे लागे. जर्मनीतील लेन्झ यांच्या पद्धतीवर आधारलेले, आणि अमेरिकेतील १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छंदकरी संघाने १९९० च्या दशकात प्रमाण म्हणून स्वीकारलेले डीसीसी हे अंकीय तंत्र यावरचा तोडगा होय. यात रुळांतून वीज सदैव वाहते, तिच्यासोबत आज्ञाही वाहतात, आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातील नखाएवढी चकती फक्त स्वतःच्या क्रमांकाचा हुकूम ऐकून त्याप्रमाणे वागते. दिवे, शिटी, वाफेचा आवाज, सारे त्यातूनच. अलीकडे हे हुकूम हातातील मोबाइलवरून सोडता येतात, आणि ज्या मुलांना शाळेत आर्डुइनो हा छोटा नियंत्रक-फलक वापरावयास शिकवितात त्यांना सिग्नल व सांध्यांची यंत्रणा हजार-दोन हजारांत स्वतःच उभारता येते.

छंदाच्या मायदेशी मात्र काळ बरा नाही, निदान वृत्तपत्रांचे मथळे तसे सांगतात. मेर्कलिनसारख्या नावाजलेल्या कारखान्याने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तो मालक बदलून सावरला. लिव्हरपूलचे १९४६ पासूनचे हॅटन्स हे प्रख्यात दुकान २०२४ मध्ये मिटले, आणि त्याच वर्षाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथे दरसाल भरणारे वॉर्ली क्लबाचे राष्ट्रीय प्रदर्शन यापुढे भरणार नाही असे जाहीर झाले, कारण ते भरविण्यास लागणारी कामकरी मंडळी वृद्ध झाली. ज्या पिढीने बालपणी वाफेचे इंजिन पाहिले तीच या छंदाची मुख्य गिऱ्हाईक. ती सरत आली, आणि तिच्या मागे राहिलेल्या संग्रहांनी जुना बाजार भरून वाहतो आहे. उलट बाजूने पाहावे, तर हॅम्बुर्ग येथे ब्राउन बंधूंनी ऑगस्ट २००१ मध्ये उघडलेल्या मिनिआटुर वुंडरलांडात दरसाल दहा लाखांहून अधिक माणसे तिकीट काढून येतात, तेथे १:८७ च्या जगात पंधरा किलोमीटरांहून अधिक रूळ अंथरलेले आहेत आणि विमानतळावरून विमाने उडतात देखील. माझ्या मते यातील विरोध वरवरचा आहे. पाहण्याची हौस कमी झालेली नाही. विकत घेऊन पेटीत जपून ठेवण्याची हौस उतरली आहे, आणि ती उतरली म्हणून कारागिरीचे काही बिघडेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्राचे वुंडरलांड पुण्यास आहे. भाऊ जोशी यांनी कोथरूडमध्ये, आपल्या सौदामिनी इन्स्ट्रुमेंट्स या उद्योगाच्या जागेत, आयुष्यभराच्या हौसेचे फळ म्हणून जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले केले. मराठी कथेतील सर्वांत गंभीर लेखक जी. ए. कुलकर्णी यांचे नाव दिलेल्या रस्त्यावर मुलांच्या या आनंदाचे ठाणे असावे, हा योग मोठा गमतीचा आहे. आत एक संपूर्ण गाव मांडलेले असून त्यात धूर सोडणारे वाफेचे इंजिन, वेगवान गाडी, वरून लोंबत जाणारी गाडी, सर्कस, मोटारीत बसून पाहावयाचा सिनेमा, असे बरेच काही आहे. दिवे मंदावून रात्र केली की खिडक्याखिडक्यांतून उजेड दिसू लागतो आणि निवेदक गाड्यांची ओळख करून देत राहतो. सहलीला आलेल्या शाळांच्या रांगा तेथे लागतात, आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला बांधून त्यावर मावळे मांडणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील मुलांस ती मांडणी परकी वाटत नाही. तरीही एक उणीव बोलून दाखवावीशी वाटते: ते गाव युरोपातले आहे. छपरे, घाट, गाड्या, सारे तिकडचे. आणि याचा दोष जोशी यांच्याकडे जात नाही, कारण ज्या काळात त्यांनी ते उभारले त्या काळात बाजारात दुसरे काही मिळतच नव्हते.

बाजाराची ही अडचण आजही संपलेली नाही. परदेशी इंजिनाची किंमत काही हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जाते, आणि त्यावर जकातीचा भार. खेळण्यांवरील आयात जकात २०२० च्या अर्थसंकल्पात वीस टक्क्यांवरून साठ टक्के करण्यात आली, २०२३ मध्ये ती सत्तरावर गेली, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांस भारतीय मानक ब्यूरोची मोहर सक्तीची झाली. देशी खेळण्यांच्या धंद्यास संरक्षण मिळावे हा या हुकमांमागील हेतू रास्त आहे आणि त्याचा लाभही झाला. पण सीमाशुल्काच्या तक्त्यात लहान मुलाची पत्र्याची मोटार आणि प्रौढ छंदकऱ्याचे प्रमाणबद्ध इंजिन हे दोन्ही एकाच प्रकरणात बसत असल्याने सुक्याबरोबर ओलेही जळते. या सक्तीतून एक चांगली गोष्ट निघाली, ती म्हणजे आपले छंदकरी हाताने करावयास शिकले. सनबोर्ड, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या खेळण्यांतील मोटारी यांपासून भारतीय डबे आणि इंजिने बनविणारी तरुण मुले आज गावोगाव आहेत, आणि त्यांच्या हातचे काम पाहिले तर तयार पेटी विकत घेणाऱ्याने मान खाली घालावी.

त्रिमिती मुद्रणाने या मुलांचे हात आणखी लांब केले आहेत. वीस-पंचवीस हजारांत येणारे यंत्र द्रव राळेपासून पाच शतांश मिलिमीटर जाडीच्या थरांनी वस्तू घडविते. डब्याच्या खिडकीचे गज, दाराची कडी, छपरावरील झरोके हे जे बारकावे पूर्वी सोनाराचेच काम मानले असते ते आता रात्रभरात तयार होतात. अडीच फुटी गाडीसाठी मार्ग तर फारच सोपा आहे: एन प्रमाणाच्या लहानशा जपानी इंजिनाची चाके व मोटार असलेली चौकट तेवढी विकत घ्यावी आणि वरचे शरीर घरी मुद्रित करावे, जपानमध्ये आणि युरोपात हाच शिरस्ता आहे. पहिल्या प्रयत्नास ज्याची चाके बहुतांशी झाकलेली असतात असे झेडडीएम वर्गाचे डिझेल इंजिन घ्यावे. बंगाल-नागपूर रेल्वेने ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यातून आणविलेली सीसी वर्गाची वाफेची इंजिने, ज्यांची मोठी चाके, दांडे आणि सांगाडा सारेच उघडे, ती हात बसल्यावर.

परंतु यंत्रावरच सारा भर देण्याचे कारण नाही, कारण या भागात लाकडावर हात चालविणारे कारागीर अजून आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूर, भंडारा आणि गोंदियाकडील मुले चाकांवरचे लाकडी नंदीबैल सजवून मिरवितात, आणि ते बैल करणारे सुतार शिंगांचा बाक व वशिंडाची गोलाई ज्या नेमकेपणाने काढतात तो पाहता त्यांना जुन्या लाकडी डब्याची चौकट अवघड जाऊ नये. देखाव्यासाठी तर हा जिल्हा एखाद्या चित्रकाराने बेतून दिल्यासारखा आहे: भाताच्या बांध्या आणि त्यांच्या धुऱ्या, कवेलूंची घरे, कोंड्याच्या ढिगाशेजारी पत्र्याची भातगिरणी, तेंदूपानांच्या फडीवर उन्हात मांडलेले पुडके, कोहळी समाजाने खोदलेल्या तलावांची पाळ, आणि महाराष्ट्रात आता मुख्यत्वे याच जिल्ह्यात दिसणारा सारस. १:८७ मध्ये माणसाएवढा उंच सारस दोन सेंटिमीटरांच्या आत बसतो. हवामान मात्र शत्रू आहे. मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रूळ फुगतात, म्हणून सांध्यांत बारीक फट ठेवावी. पावसाळ्यात, जो येथे बाराशे मिलिमीटरांहून अधिक बरसतो, भुश्शाच्या दाबून केलेल्या फळ्या पाणी पिऊन वाकतात, म्हणून पाट चांगल्या प्लायवूडचा घेऊन त्यास खालूनवरून रंग द्यावा. खरी रेल्वे बांधणाऱ्या अभियंत्यांसही याच दोन ऋतूंशी झगडावे लागले होते.

या उद्योगास प्रतिस्पर्धी आहे तो संगणकाचा पडदा. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ मध्ये आला, त्यानंतर ओपन रेल्स हा फुकट मिळणारा कार्यक्रम आला आणि मोबाइलवर इंडियन ट्रेन सिम्युलेटर हा खेळ खेड्यापाड्यांतील मुले बसच्या थांब्यावर खेळताना दिसतात. ज्यास जागा नाही, पैसा नाही, त्यास हा मोठाच आधार आहे. तरी पडद्यावरील पूल कधी वाकत नाही, त्याचा रंग कधी सुकत नाही, आणि बनविणाऱ्याला तो ठेवावयास जागाही शोधावी लागत नाही. ज्यांना याच कटकटीत सुख वाटते त्यांच्यासाठी प्रतिकृतीचा छंद राहील, आणि ती माणसे प्रत्येक पिढीत थोडी पण निश्चित असतात.

इंग्रजांनी आपल्या लोपलेल्या रेल्वेंची जी निगा राखली ती येथे सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात आपलाही वाटा आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे हा अडीच फुटी मार्ग उघडून आपली मते सिद्ध केली आणि त्याच धर्तीवर १९०४ मध्ये इंग्लंडात लीक व मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती अवघी तीस वर्षे चालून १९३४ मध्ये बंद झाली. तरी तिची इंजिने, डबे व स्थानके यांची रेखाचित्रे छापली गेली आणि तिच्या प्रतिकृती तेथील छंदकरी आजही करतात. तिची थोरली बहीण बार्शीची गाडी नव्या शतकापर्यंत चालली, आणि तिच्या प्रतिकृती शोधावयास गेले तर हाताच्या बोटांवर मोजता येतील. आपल्याकडे हौस कमी आहे असे मी म्हणणार नाही. रेखाचित्रे कमी आहेत. किती उंचीची खिडकी, कोणत्या छटेचा रंग, मालधक्का रुळाच्या कोणत्या अंगास, इंजिनास पाणी घालण्याचा खांब फलाटाच्या कोणत्या टोकास, या गोष्टी नोंदविल्यावाचून प्रतिकृती ही केवळ अंदाज राहते.

म्हणून ज्या कोणा शाळेला, महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला किंवा दोन-चार मित्रांच्या मंडळाला हे काम हाती घ्यावेसे वाटेल, त्यांनी प्रथम रूळ विकत घेऊ नयेत. नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ पासून अडीच फुटी रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे इंजिने व डबे उभे असून रीतसर अर्ज करून, मोजपट्टी आणि वही घेऊन त्यांची मापे घ्यावयास एक दिवस पुरे. त्यानंतर एकच स्थानक निवडावे. खऱ्या मार्गाचे सव्वादोनशे किलोमीटर १:८७ मध्येही अडीच किलोमीटरांहून अधिक भरतात, आणि तीनशे मीटर लांबीचे लहान स्थानकही साडेतीन मीटर मागते. तेव्हा सौंदड घ्यावे किंवा अर्जुनी घ्यावे, काटछाट कोठे करावयाची ते जुन्या माणसांना विचारून ठरवावे आणि चार फूट बाय दोन फुटांच्या पाटावर आरंभ करावा. छोट्या रेल्वेवर नोकरी केलेले गार्ड, ड्रायव्हर, पॉइंट्समन आणि गँगमन आज सत्तरीच्या घरात आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांची घरे गोंदियातच आहेत. मोजमापांची वही घेऊन आधी त्यांच्याकडे जावे. मोतीबागेतील इंजिने आणखी काही वर्षे तेथेच उभी राहतील.